उभे राहून बोलणारे

वादविवाद स्पर्धेचे परीक्षक होणे म्हणजे लग्नात आहेर लिहून घ्यायला बसण्यासारखे आहे. ते काम कुणालाच नको असते, आणि चूक झाली तर मात्र वर्षभर सगळ्यांच्या लक्षात राहते. कॉलेजात मराठीचा प्राध्यापक म्हटला की तो या कामाला हक्काचा. म्हणून पावसाळ्यातल्या एका दुपारी हातात लाल पेन्सिल आणि समोर टेबलावर घंटा घेऊन मी पुढच्या रांगेत बसलो होतो. विषय होता, ‘बहुमताला अडवून धरण्याचा हक्क अल्पमताला असावा की नसावा’. प्रत्येकाला ५ मिनिटे. चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन.

सातवा की आठवा आला तो एक सडपातळ मुलगा. त्याने सरळ अमेरिकेच्या सिनेटलाच हात घातला. तिथे सभासद एकदा बोलायला उभा राहिला की त्याला सहजासहजी कुणी बसवू शकत नाही. तो बोलत राहील तोवर विधेयक मताला येत नाही. या युक्तीला फिलिबस्टर म्हणतात, वगैरे. मी दोन घंटा दिल्या. तो थांबेना. मी तिसरी दिली. तेव्हा माझ्याकडे वळून तो म्हणाला, “सर, २०२५ साली कोरी बुकर नावाचे सिनेटर २५ तास ५ मिनिटे बोलले. मला सहावे मिनिटही नाही?” सभागृह हसले. मीही हसलो, आणि नियमाप्रमाणे त्याचे ५ गुण कापले.

गोष्ट डोक्यातून जाईना. रात्री जेवताना घरी सांगितली. आमच्याकडे कोणत्याही मोठ्या प्रश्नाची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात होते. सौ. म्हणाली, “पंचवीस तास? अहो, आणि मधेच जायचं झालं तर?”

प्रश्न अगदी वर्मावर होता. सिनेटमध्ये बोलणाऱ्याने बसायचे नाही, सभागृह सोडायचे नाही. सोडले की बोलण्याचा हक्क गेला. बुकरने काही दिवस आधीच जेवण सोडले होते आणि आदल्या रात्रीपासून पाणीही. त्याने ज्याचा विक्रम मोडला, तो स्ट्रॉम थर्मंड १९५७च्या ऑगस्टमध्ये २४ तास १८ मिनिटे बोलला होता. त्याने आधी वाफेची स्नाने घेऊन अंगातले पाणी आटवले होते. त्याच्याही पूर्वी, १९३५ साली, लुइझियानाचा ह्यूई लाँग साडेपंधरा तास बोलला, आणि बोलता बोलता कालवे कशी तळावीत याची कृती सांगू लागला. हे ऐकल्यावर या मंडळींबद्दलचे सौ.चे मत थोडे निवळले.

फिलिबस्टरला मराठीत काय म्हणावे, याचा मी त्या रात्री बराच विचार केला. खोड जित्याची! मूळ शब्द डच, अर्थ समुद्रावरचा लुटारू. सभागृहाचा वेळ लुटतो तो फिलिबस्टर. आपल्याकडे ‘वेळकाढूपणा’ आहे, पण तो फार आळशी शब्द. ‘गुऱ्हाळ’ आहे, पण गुऱ्हाळातून निदान गूळ निघतो. ‘चऱ्हाट’ बरेच जवळचे. शेवटी मला पटला तो आपला जुना शब्द, ‘धरणे’. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे. पेशवाईत पगार थकलेले शिपाई सरदाराच्या दारात बसत. दुसऱ्याची वाट अडवायची, तर आधी आपले पोट जाळायचे. अडवणाऱ्याने स्वतः काही भोगायचे, हे त्यातले मर्म.

सिनेटमध्ये नेमके हे भोगणेच नाहीसे झाले. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक मूठभर सिनेटरांनी अडवून धरले. अध्यक्ष विल्सन संतापले, आणि चर्चा बंद करण्याचा नियम सिनेटने प्रथमच केला. त्याला दोन तृतीयांश मते लागत. १९७५ साली ते प्रमाण तीन पंचमांशावर, म्हणजे १०० सभासदांत ६० मतांवर आले. सुधारणा झाली असे कुणालाही वाटेल. परंतु त्याच दशकाच्या आरंभी आणखी एक सोय झाली होती: अडलेले विधेयक बाजूला ठेवून दुसरे काम चालू करावे. हेतू चांगला. परिणाम असा, की अडवणाऱ्याला उभे राहण्याचे कारणच उरले नाही. आपला विरोध आहे एवढे कळवले की पुरे. ६० मते जमेपर्यंत विधेयक कपाटात. धरणेकरी घरी पंख्याखाली झोपलेला, आणि ऋणकोचे दार मात्र बंद! (बुकरचे भाषण काटेकोर अर्थाने फिलिबस्टर नव्हतेच. तो कुठलेही विधेयक अडवत नव्हता, सरकारच्या धोरणाचा निषेध करत होता. त्या मुलाने हे सांगितले नाही. पण ५ मिनिटांत तो किती सांगणार?)

हे मोडावे की ठेवावे, यावर तिथले दोन्ही पक्ष दोन्ही बाजूंनी बोलून चुकले आहेत. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. २०१३ साली डेमोक्रॅटांनी खालच्या न्यायालयांच्या आणि सरकारी नेमणुकांपुरते ६० मतांचे बंधन काढले. तेव्हा ओरडणाऱ्या रिपब्लिकनांनी २०१७ साली तेच सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांना लावले. २०२२ साली मताधिकाराच्या विधेयकासाठी नियम बदलायचा डेमोक्रॅटांचा प्रयत्न त्यांच्याच दोन सभासदांनी ४८ विरुद्ध ५२ असा पाडला. २०२५ साली सरकारी कामकाज ४३ दिवस बंद पडले, तेव्हा अध्यक्ष ट्रम्प फिलिबस्टर मोडा म्हणून मागे लागले; त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी ऐकले नाही. आज आपण सासू आहोत, उद्या सून होऊ, हे ते जाणून होते. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही नाही. एकेका मताने सगळे कायदे होऊ लागले, तर दर निवडणुकीनंतर कालचे कायदे उलटे होतील; मग घडी बसायची कशी?

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. आपल्या संसदेत अडवायचे असले की सभासद बोलत राहत नाहीत, दुसऱ्याला बोलू देत नाहीत. आणि त्या गोंगाटातच एखादे विधेयक आवाजी मताने दहा मिनिटांत पार होते. पण ते असो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी माझा निकाल जाहीर केला. फिलिबस्टर ठेवावा, मात्र पूर्वीसारखा उभे राहून करायला लावावा. ज्याला खरोखर पोटतिडीक आहे तो उभा राहील, बाकीचे बसतील. मला हे फार न्याय्य वाटत होते.

आमची मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करते. ती म्हणाली, “बाबा, तो थर्मंड कशासाठी उभा होता?”

काळ्या लोकांच्या मताधिकाराचे विधेयक अडवण्यासाठी, मी म्हणालो. ते त्याच रात्री मंजूर झाले, हेही घाईने सांगितले.

“ते झालं. आणि झुंडीने माणसं मारण्याविरुद्धचा कायदा?”

मग तिनेच मला सांगितले. जमावाने काळ्या माणसांना पकडून फासावर लटकवावे, हे तिकडे कित्येक वर्षे चालले होते. त्याविरुद्धचे विधेयक १९२२ साली खालच्या सभागृहाने मंजूर केले. सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या सभासदांनी ते बोलून बोलून बुडवले. पुढेही अशी विधेयके येत राहिली आणि बुडत राहिली. शेवटी असा कायदा झाला तो २०२२ साली.

“उभे राहून बोललेच ना ते? त्यांचे पाय दुखले हे तुम्ही मोजलंत. जे शंभर वर्षं थांबले, त्यांचं काय?”

मी चहा प्यायलो. माझे ‘धरणे’ तिने एका वाक्यात पाडले होते. धरणेकरी असतो थकलेल्या पगाराचा शिपाई. हे तर वाड्यातले सरदारच दार अडवून बसलेले होते. आणि सिनेटची रचनाच अशी, की सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन सभासद आणि पावणेचार कोटींहून अधिक वस्तीच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. तिथला अल्पमतवाला नेहमी दुबळाच असेल असे नाही.

तेव्हा मी मत बदलले. प्राध्यापकाने वर्षातून एकदा तरी बदलावे. १९९५ साली आयोवाच्या टॉम हार्किन यांनी सुचवले होते, की चर्चा बंद करायला पहिल्या खेपेस ६० मते लागावीत. काही दिवसांनी ५७, मग ५४, आणि अखेरीस ५१. अडवणाऱ्याला वेळ मिळावा, लोकांना समजावता यावे, पण बहुमताचे कायमचे कुलूप त्याच्या हाती नसावे. सिनेटने ही सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली. मला मात्र ती आवडली, कारण ती आमच्या स्पर्धेच्या घंटेसारखी आहे. फक्त पुष्कळ उशिरा वाजणारी.

आठवड्याने तो मुलगा प्रमाणपत्र न्यायला स्टाफरूममध्ये आला. मी त्याला विचारले, “काय रे, सहाव्या मिनिटाला काय सांगणार होतास?”

तो जरा लाजला. मग म्हणाला, “सर, १० जून १९६४. नागरी हक्कांचं विधेयक दक्षिणेच्या सिनेटरांनी आठवडेच्या आठवडे बोलून अडवलेलं. आदल्या रात्रीपासून रॉबर्ट बर्ड एकटे १४ तास बोललेले. मग चर्चा बंद करायची की नाही यावर मतं घ्यायला लागले. ६७ मतं हवी होती. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांच्या मेंदूत गाठ होती, त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलेलं. नाव पुकारलं. त्यांना बोलताच येईना. इंग्रजीत ‘होय’ या अर्थाचा मत देतानाचा शब्द आणि डोळा, दोन्हींचा उच्चार एकच, ‘आय’. त्यांनी हळूहळू हात वर केला आणि आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. ते मत धरलं गेलं, सर. ७१ विरुद्ध २९.”

सांगायला त्याला मिनिटभरही लागले नाही.