श्वास विकत मिळत नाही

गगनयानाच्या बातम्यांत प्रक्षेपक, पॅराशूट आणि अंतराळवीर यांना मानाचे स्थान असते. त्या वीरांचा प्रत्येक श्वास जिच्यावर अवलंबून राहणार आहे, ती जीवनरक्षक प्रणाली मात्र मथळ्यात क्वचितच येते. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यातील मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात सांगितले होते की, ही प्रणाली अन्य देशांकडून मिळू शकली नाही. म्हणून ती देशातच विकसित केली जात आहे. या विधानात स्वावलंबनाचा निर्धार आहे, तसाच एक इशाराही आहे. हे तंत्रज्ञान विकत मिळत नाही आणि घाईने परिपक्वही होत नाही.

माणसाला दिवसाकाठी सुमारे ०.८४ किलो प्राणवायू लागतो आणि तो सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तिघांच्या तीन दिवसांच्या श्वसनाला आठ किलो प्राणवायूही लागत नाही. एवढ्या छोट्या प्रवासात साठा सोबत नेणे आणि कार्बन डायऑक्साइड रसायनांनी शोषून घेणे पुरेसे ठरते. २०३५ पर्यंत उभारावयाच्या भारतीय अंतराळ स्थानकाचा हिशेब मात्र निराळा आहे. तिघे तेथे सहा महिने राहिले, तर केवळ प्राणवायूच साडेचारशे किलो लागेल. पाणी त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक थेंब पृथ्वीवरून नेणे परवडणारे नाही. घाम, उच्छ्वासातील बाष्प आणि मूत्र यांपासून पाणी व पाण्यापासून प्राणवायू, हे चक्र तेथे अखंड चालवावेच लागेल.

असे चक्र बसवायला किती काळ लागतो, हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने दाखवून दिले आहे. मूत्रापासून पाणी मिळवणारी अमेरिकी यंत्रणा तेथे २००८ मध्ये पोहोचली. ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये साध्य झाले. मधल्या काळातील एक बिघाड विशेष बोलका आहे. वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात आणि त्यांतील कॅल्शियम मूत्रात उतरते. त्याचे क्षार साचून ऊर्ध्वपातन करणारा भाग निकामी झाला. बिघाड यंत्रात होता, त्याचे मूळ मात्र माणसाच्या हाडांत होते. जीवनरक्षक प्रणालीत माणूस केवळ प्रवासी नसतो. तोही त्या यंत्राचा एक भाग असतो.

म्हणूनच इतरांनी माणसांना महिनोन्‌महिने बंदिस्त कक्षांत ठेवून या प्रणाली पारखल्या. सोव्हिएत संघाने १९७२-७३ मध्ये क्रास्नोयार्स्क येथे १८० दिवस, नासाने १९९७ मध्ये ह्यूस्टन येथे चौघांसह ९१ दिवस, तर चीनने बीजिंगमध्ये २०१८ पर्यंत सलग ३७० दिवस असे प्रयोग केले. भारतात २०२४ मध्ये लेह येथे परग्रहावरील वस्तीचा सराव झाला. असे सराव उपयुक्तच आहेत. परंतु एकांतवास सोसणे वेगळे आणि यंत्राने शुद्ध केलेल्या हवा-पाण्यावर महिनोन्‌महिने जगणे वेगळे.

स्थानकासाठी नेमका असाच दीर्घ मुदतीचा बंदिस्त कक्ष भारताने आताच उभारला पाहिजे आणि त्यातील निष्कर्ष, अपयशांसकट, विद्यापीठांतील संशोधकांना खुले केले पाहिजेत. जमिनीवर वजनरहित अवस्था निर्माण करता येत नाही, मग या खर्चाचा उपयोग काय, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही; कॅल्शियमसारखे काही धडे अंतराळातच मिळतात. पण म्हणूनच, जे धडे जमिनीवर मिळू शकतात ते अंतराळासाठी शिल्लक ठेवू नयेत. झडपेतील गळती, गाळणीतील बुरशी, वाढत जाणारा कार्बन डायऑक्साइड, हे सारे जमिनीवर घडले तर दार उघडून माणसे बाहेर काढता येतात. चारशे किलोमीटर उंचीवर उघडायला असे दार नसते.