विमानावरचं ‘व्हीटी’ कुणाचं?

पुढच्या वेळी विमानासोबत सेल्फी काढाल तेव्हा शेपटीजवळचा नंबर बघा. भारतीय असेल तर सुरुवात ‘व्हीटी’ने. (मुंबईकरांनो, हे स्टेशनवालं व्हीटी नव्हे!) याचा अर्थ ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, ही गुलामीची खूण पुसा, ही मागणी संसदेत झाली, दिल्ली हायकोर्टातही पोचली.

मागणीमागची भावना कळते, पण अर्थ काही पटत नाही. ही अक्षरं मुळात रेडिओची. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत देशांना कॉल साइन वाटले गेले आणि ‘व्ही’चा मोठा हिस्सा ब्रिटिश साम्राज्याला मिळाला. ‘व्हीए’पासून कॅनडा, ‘व्हीएच’पासून ऑस्ट्रेलिया, ‘व्हीटी’ ते ‘व्हीडब्ल्यू’ भारत. म्हणजे ‘टी’ नुसता रांगेत आला. आपले हॅम रेडिओवाले आजही ‘व्हीयू’ लावतात. मग त्यातला ‘यू’ कुठल्या व्हाइसरॉयचा?

साम्राज्याचा शिक्का आहेच, पण तो ‘व्ही’वर. तो घालवायचा तर ‘बी’ चीनकडे, ‘आय’ इटलीकडे. ‘एटी’ ते ‘एडब्ल्यू’ मात्र आजही आपल्याच नावावर आहेत! प्रश्न उरतो खर्चाचा: प्रत्येक विमान पुन्हा रंगवायचं, सगळी कागदपत्रं बदलायची. ऑस्ट्रेलियाने ती उठाठेव केलेली नाही, तिथली विमानं अजून ‘व्हीएच’च लावतात.