फास्ट लोकल इंग्लिश

लोअर परळच्या कुठल्याही टॉवरच्या लॉबीत पाच मिनिटं उभं राहा. एकेकाळी या भागात गिरण्यांचे भोंगे वाजायचे, आता कानात इअरफोन घातलेली जनता क्लायंट कॉलवर असते. या गर्दीत आपलं मराठी मीडियमचं पोरगं लगेच ओळखू येतं. उच्चारांवरून नव्हे हं, स्पीडवरून! गिरगाव, दादर, लालबागच्या शाळांतून आलेले आपण, इंग्लिश सुरू झालं की असे सुटतो जणू शेवटची कर्जत चुकणार आहे.

कारण उघड आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधीच्या पिढीची एबीसीडीशी गाठ पडायची ती थेट पाचवीत. पहिलीत आलं खरं, पण वर्गात बोलायची सवय काही लागली नाही. त्यात आपल्याकडे चांगल्या इंग्रजीला शब्दच आहे ‘फाडफाड’. हळू बोललं की इंग्लिश कच्चं वाटेल ही भीती, म्हणून फाडायचं!

आता गंमत बघा. सावकाश बोलताना ‘व्हॅन’मधला व्ह आणि ‘वॉच’मधला व आपण व्यवस्थित वेगळे काढतो. मराठीत लिहितानासुद्धा वेगळे लिहितो. पण स्पीड वाढला की लक्ष ठेवायला वेळच उरत नाही, जीभ तिच्या जुन्या वाटेने जाते आणि दोन्हींचा एकच व होतो. त्याने फारसं बिघडत नाही म्हणा. ‘थ्री’ आपल्या मराठी थ ने म्हटलं तरी ‘ट्री’पेक्षा वेगळंच ऐकू येतं. खरा घोळ होतो तो आकड्यांत. ‘फिफ्टी’चा जोर पुढे, ‘फिफ्टीन’चा मागे. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो आणि घाईत शेवटचा न गिळतो. माझ्या एका मैत्रिणीने कॉलवर पंधरा टक्के डिस्काउंट सांगितला, क्लायंटने पन्नास लिहून घेतला. पुढचे तीन दिवस बिचारी मेल लिहीत होती.

मग हळू बोलायचं का? थांबा, एवढं सोपं नाही. वेगात शब्द खाणं हा काही गुन्हा नाही. आपणही ‘करतो आहे’चं ‘करतोय’ करतो, ‘पाहिजे’चं ‘पायजे’ करतो. इंग्रजच ‘नेक्स्ट डे’मधला ट खाऊन ‘नेक्स डे’ म्हणतात. प्रश्न आहे काय खायचं याचा. इंग्लिश ही आपली वेस्टर्नची फास्ट लोकल आहे. मुंबई सेंट्रल सुटलं की थेट दादर, मधली महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी नुसती खिडकीतून दिसतात. ‘डेव्हलपमेंट’मध्ये गाडी ‘व्हे’वर थांबते, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर. बाकीची अक्षरं नुसती सरकतात. आपण मात्र मराठीच्या सवयीने प्रत्येक अक्षराला हॉल्ट देतो, डे-व्ह-लप-मेंट, आणि तीच स्लो लोकल फास्टच्या वेळेत पोचवायला बघतो. मग दादरसुद्धा हुकतं!

आणि नुसतं हळू बोलून तरी काय होतं? स्लो लोकल अजून स्लो होते, इतकंच. कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग या संशोधकांनी १९९८ आणि २००१ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केले. परक्या भाषेत मुद्दाम संथ बोलणाऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना काही जास्त आवडलं नाही. फार सावकाश नको आणि फार भरधावही नको, असाच त्यांचा कौल होता.

तेव्हा ऑफिसात करण्यासारख्या तीन गोष्टी. एक, प्रेझेंटेशनमधले दहा महत्त्वाचे शब्द काढा, प्रत्येकातलं एकच जोराचं अक्षर अधोरेखित करा आणि तिथे गाडी नीट थांबवा. दोन, श्वास वाक्याच्या मध्येच कुठेतरी नाही, तर अर्थ पुरा होतो तिथे घ्या. त्या अर्ध्या सेकंदात समोरचा माणूस तुम्हाला पकडतो. तीन, आकडा आला की फोड करून सांगा, ‘फिफ्टीन, वन फाईव्ह’. यात कमीपणा कसला? आणि मोबाईलवर एकदा स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा अंगावर काटा येईल, पण ऐकाच.

ॲक्सेंट गोऱ्यासारखा करायची काही गरज नाही. आपला मराठी हेल राहू दे की, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण मीटिंगमध्ये तुम्ही घाईघाईत उरकलेली आयडिया कोणालाच कळत नाही, आणि दहा मिनिटांनी तीच आयडिया शेजारचा सावकाश मांडून टाळ्या घेऊन जातो, हे मात्र परवडणारं नाही. अप्रेझल त्याचं होतं, बॉस!