सेलवर चालणारी पवनचक्की



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. राग आलाय म्हणून लिहितोय.

परवा सहावीतल्या नातवाचा 'पवनऊर्जा' प्रकल्प पाहिला. थर्माकोलवर हिरवा कागद, त्यावर पवनचक्की, शेजारी छोटं घर. बटण दाबलं की पाती गरगर फिरतात, घरात दिवा लागतो. दुकानातून ३५० रुपयांना आणलेला. शाळेत पहिला नंबर! मी पात्यांवर फुंकर मारली. दिवा लागेना. उलटा करून पाहिला तर खाली दोन पेन्सिल सेल! सेलच पाती फिरवतोय, सेलच दिवा लावतोय. वाऱ्यापासून वीज राहिली बाजूला, इथे विजेपासून वारा. पाटी मात्र 'पवनऊर्जा'.

"आजोबा, सगळ्यांचं असंच असतं," नातू म्हणाला. हेच मला झोंबलं. विकत आणलं ते एक वेळ सोडून देऊ, पण विज्ञानाच्या तासाला आपण खोट्याला मार्क देतो आहोत, त्याचं काय?

मी तरी कुठला मोठा? बी.ए. झालेला मास्तर. शाळेत विज्ञानाला कुणी नव्हतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. ऊर्जेची रूपं फळ्यावर लिहायची आणि मुलांकडून घोकून घ्यायची, हेच वर्षानुवर्षं केलं. या पापात मीही वाटेकरी आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. सेल काढले, मोटरच्या वायरी थेट लाल एलईडीला जोडल्या, आसावर दोरा गुंडाळून जोरात ओढला. काही नाही. वायरींची अदलाबदल करून पुन्हा ओढला, तर दिवा लुकलुकला! पोरगं ओरडलंच. मग त्याचाच प्रश्न, "हळू ओढलं की का लागत नाही?" पन्नास वेळा पाठ करून घेतलं असतं तरी हा प्रश्न आला नसता.

यात नवीन काही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली प्रयोगांतून विज्ञान शिकवणं सुरू झालं, शेकडो सरकारी शाळांत पोचलं आणि २००२ साली सरकारनेच ते बंद केलं. तिथेच काही काळ काम केलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबमधून खेळणी घडवली. पुढे पुण्याच्या 'आयुका'त कचऱ्यातून विज्ञान शिकवलं. पैशांची अडचण नव्हतीच कधी.

शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुलं, वर निवडणुकीची कामं, वेळ कुठून आणू? मान्य. मग प्रत्येकाकडून घरून प्रकल्प मागवूच नका. चौघांत एक, वर्गातच, मुलांच्या हातांनी करू द्या. मार्क एकाच प्रश्नाला: "हे कशावर चालतं?" दिवा लागला नाही, पण का लागला नाही ते सांगितलं, तरी पूर्ण मार्क.

नातवाने जुनी पाटी काढून 'हातऊर्जा' लिहिलंय. म्हणतो, "याला नंबर नाही मिळणार, आजोबा." न मिळो.

तुमच्या घरातला प्रकल्पही एकदा उलटा करून बघा. खाली काय सापडलं ते जरूर कळवा.