गवतातली झिट् झिट्

मागच्या भाद्रपदात एका रविवारी आमचे थोरले दादा आणि माझी मुलगी यांना घेऊन नान्नजच्या माळावर गेलो होतो. सोलापूरहून बार्शी रस्त्याने साधारण २० किलोमीटर. माळढोक पक्ष्यामुळे हा माळ प्रसिद्ध झाला. माळढोक काही दिसला नाही, पण मुलगी ओरडली, "पप्पा, ती बघा चिमणी!"

ती चिमणी नव्हती. लहान पक्षी दिसला की आपण चिमणी म्हणून मोकळे होतो. खरे तर थोडे थांबून पाहिले आणि ऐकले, तर ओळख पटते. त्याला दुर्बीणच लागते असे नाही.

आपल्या कुंपणात, तुळशीजवळ फिरतो तो शिंपी. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोट पांढुरके. पाने शिवून घरटे करतो. अंग एवढेसे, पण "टुविट् टुविट्" गल्लीभर ऐकू जाते. दुसरा राखी वटवट्या. पाठ राखेच्या रंगाची, पोट फिकट तांबूस, शेपूट लांब आणि बहुधा उभी. उडताना वायरची ठिणगी उडावी तसा चट्चट् आवाज येतो.

माळावरचा तिसराच होता. इंग्रजीत त्याला झिटिंग सिस्टिकोला म्हणतात. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. तपकिरी पाठीवर काळसर रेघा, शेपूट आखूड आणि पंख्यासारखी, टोकाला पांढरी. पावसाळ्यात नर गवतातून वर उठतो, हवेत हिंदकळत उडतो आणि प्रत्येक हिंदकळ्याला एकदा "झिट्" म्हणतो. घरटे गवतातच, कोळ्याच्या जाळ्याने पाती बांधून केलेले. गवत गेले की घरटेही गेले. म्हणून माळाला पडीक जमीन म्हणताना जरा विचार करावा.

याचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत राहतात. जवळपास ५० जाती, आणि रंगाने इतक्या सारख्या की जाणकारही गोंधळतात. म्हणून कित्येकांची नावे आवाजावरूनच पडली आहेत. कोणी रडणारा, कोणी शीळ घालणारा, कोणी खडखडणारा. तिथे डोळे हरतात तेव्हा कान ओळख पटवतात.

हे मी मुलीला सांगत होतो, तेवढ्यात दादा म्हणाले, "अरे, पाखरू दिसतंय मला. पण वाजतंय कुठं?"

दादांनी २२ वर्षे यंत्रमागावर काढली. बोललेले त्यांना ऐकू येते, थोडे मोठ्याने बोलावे लागते, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. पण मागाच्या खडखडाटाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. कानाच्या आत केसासारख्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. झिट् झिट् त्याच उंच पट्टीतली. घरात कोणाला कळले नाही, ते त्या पाखराने सांगितले.

मुलीने काय करावे? तिने त्यांचा हात हातात घेतला आणि प्रत्येक "झिट्"ला तळहातावर बोटाने टिचकी मारू लागली. दादा आकाशाकडे बघत मोजत राहिले. "मोठे पप्पा, आता खाली बसला," ती म्हणाली. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मागावर जाणाऱ्या आपल्या मुलाला बजावले, "उद्यापासून कानात प्लग घातल्याशिवाय जायचं नाही." दादांची कानाची तपासणीही आम्ही करून घेतली. गेलेले परत येणार नाही, पण उरलेले जपता येईल.

बंधू-भगिनींनो, एखाद्या सकाळी घरातल्या सगळ्यांना घेऊन गावाबाहेर गवतात उभे राहा. पक्षी ओळखा, मुलांना ओळखायला लावा. आणि बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येतो का, तेही विचारा. कोणी "नाही" म्हणाले तर हसू नका. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.