आधी परवाना, मग परीक्षा

पशुवैद्यकात निमेसुलाइड वापरण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये बंदी केली, ती इष्टच होय. परंतु गिधाडांच्या जिवावर उठले म्हणून हद्दपार झालेले हे पहिले औषध नव्हे, चौथे आहे. डायक्लोफेनॅक २००६ मध्ये गेले. केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये. एकाचा अपराध शाबीत होईतो दुसऱ्याने त्याचे आसन बळकवावे, असा हा अठरा वर्षांचा क्रम आहे.

सांधे सुजलेल्या बैलाला वेदनाशामक टोचणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही दोष देणार नाही. त्याला गुण हवा होता आणि तो आला. पण असे जनावर दगावून गावकुसाबाहेर पडले की त्याच्या मांसातील औषध गिधाडाच्या पोटात जाते, त्याचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक आम्लाचे खडूसारखे थर काळजा-यकृतावर चढतात आणि काही दिवसांत पक्षी मरतो. एका शवावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरत असल्यामुळे शंभर शवांत एखादे विषारी असले तरी जात बुडण्यास तेवढे पुरते. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांमागे एक उरली. कारण उमगले ते २००४ मध्ये, तेही पाकिस्तानातील संशोधनातून.

नागर वाचकाला हे दूरचे वाटेल. पण मुंबईच्या डोंगरवाडीत पारशी समाजाला गिधाडांच्या जागी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी तर २००० ते २००५ या काळात गिधाडांअभावी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावल्याचा अंदाज २०२४ मध्ये मांडला. कुजणारी शवे, नासलेले पाणी, माजलेली कुत्री! आकड्याविषयी वाद होऊ शकेल. दिशेविषयी होईल असे आम्हांस वाटत नाही.

बंदीलाही पळवाट होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या, आणि त्यांना ३ मिलिलिटरची मर्यादा पडली ती २०१५ मध्ये.

मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, हे केव्हाच दिसून आले आहे. जनावरांनाही ते चालते. तेव्हा अडचण औषधाची नसून नियमाची आहे. गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवर काय बाधा होते, हे उत्पादकाने स्वखर्चाने सिद्ध करावे आणि मगच परवाना मागावा. बाजारात आधीपासून असलेल्यांनाही हाच नियम मुदत घालून लावावा.