गवत कापायचंय? मग आधी दर बोला!



पावसाळा लागला की गावात एक वाक्य हमखास कानावर येतं. "वस्तीतल्या पोरांना सांगा, गवत काढून टाकतील." शाळेचं मैदान असो, दवाखान्याचं आवार असो की स्मशानभूमीची वाट असो. या वाक्यात काम आहे, माणूस आहे, जातसुद्धा आहे. मजुरी तेवढी नाही. आज बोलायचं आहे ते या गाळलेल्या शब्दाबद्दल.

आधी काम समजून घेऊ. जालना जिल्ह्याला सगळे दुष्काळी म्हणून ओळखतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभार पिंपळगावात येऊन बघा. सकाळी ऊन, दुपारी सर, हवा दमट, आणि पंधरा दिवसांत गवत गुडघ्याला. त्यात गाजर गवत. हे परदेशी तण 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, दमेकऱ्याला धाप लागते. वाढलेल्या गवतात नाग, घोणस, मण्यार यांचं भय वेगळंच. म्हणजे गवत काढणं हे शोभेचं काम नाही, ते गावाच्या आरोग्याचं काम आहे.

आणि ते कौशल्याचंही काम आहे. ओलं गवत कापताना ग्रास कटरची दोरी गुंतते, मशीन तापते, दगड उडून थेट डोळ्यावर येतो. म्हणून आजूबाजूच्या माणसांना किमान 15 मीटर लांब ठेवावं लागतं. गाजर गवत नुसतं वरून छाटलं तर पुन्हा फुटतं. ते फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं लागतं. हे ज्याला कळतं तो कारागीर आहे. त्याला "ये रे पोरा" म्हणून बोलावायचं नसतं.

आता हिशोब करू. समजा एका पोराने कर्ज काढून मशीन घेतली. शाळेच्या मैदानाला तीन लिटर पेट्रोल लागलं. लिटरचा भाव शंभरच्या वर, म्हणजे तीनशे तिथेच गेले. वर ऑइल, दोरी, मशीनची झीज, कर्जाचा हप्ता. संध्याकाळी त्याच्या हातावर पाचशे रुपये टेकवले आणि वर ऐकवलं, "गावाचंच काम आहे, एवढं काय मोजतोस?" त्या पोराला दिवसभराच्या घामाचे काय उरले? शंभर-दीडशे! हीच रक्कम घेऊन एखाद्या गवंड्याला किंवा ट्रॅक्टरवाल्याला बोलावून दाखवा. येईल का तो? त्याचा दर आधी विचारतात. आपल्या पोराचा दर नंतर ठरवतात. हा फरक बाजाराने केलेला नाही, जातीने केलेला आहे.

याचं मूळ शोधायला फार लांब जायची गरज नाही. मुंबई इलाख्यात महार वतनदाराकडून दौऱ्यावर आलेल्या अंमलदारासाठी गवत आणि सरपण आणवून घेत. वेळ ठरलेली नाही, मोबदला ठरलेला नाही, आणि बाप नसेल तर घरातलं दुसरं माणूस ओढायचं. बदल्यात काय? तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचं विधेयक मांडलं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण वेठ इथेही चुकली नव्हती.

संविधानाच्या कलम 23 ने बेगार बंद केली. सार्वजनिक कामासाठी सरकारला सक्तीची सेवा लावता येते, पण जात बघून लावता येत नाही, असं तेच कलम सांगतं. 1982 साली आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, असा तो निकाल. पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच असते, हे न्यायालयाने मान्य केलं. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही बेगार करायला लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा "पाचशे दिले ना?" हे उत्तर पुरेसं नाही.

आता आपल्याच लोकांशी थोडं बोलतो. काही जण म्हणतात, "बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडायला लावली, आणि तुम्ही पोरांना पुन्हा गवतात उतरवता?" दादा, बाबासाहेबांचा लढा घामाविरुद्ध नव्हता. तो नेमून दिलेल्या, नाकारता न येणाऱ्या, दर नसलेल्या कामाविरुद्ध होता. जो तरुण स्वतःची मशीन घेतो, स्वतःचा दर सांगतो आणि परवडलं नाही तर "नाही" म्हणतो, तो गावकी करत नाही, तो धंदा करतो. "नाही" म्हणता येणं हीच खरी कसोटी आहे.

दुसरी गोष्ट विहाराची. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, संध्याकाळी ग्रंथवाचनाला बायका-लेकरं येतात, म्हणून आवार साफ हवंच. पण तिथेही कमिटीने खुर्चीत बसून गरीब घरच्या पोरांना "श्रमदान करा" म्हणायचं? श्रमदान करायचं तर अध्यक्षापासून सगळ्यांनी खुरपं हातात घ्यावं. ते जमत नसेल तर वर्गणीतून मजुरी द्यावी. समता विहाराच्या फाटकापासून सुरू होते.

म्हणून तरुणांनो, या पावसाळ्यात एवढं करा. काम घेण्याआधी जागा बघा आणि दर कागदावर लिहून घ्या. पेट्रोल, ऑइल, दोरी कोणाच्या खर्चाने, तेही लिहा. बूट, हातमोजे, चष्मा यांचा खर्च दरात धरा. पैसे किती दिवसांत मिळणार ते ठरवा. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्याने मजुरीसाठी 15 दिवसांची मुदत घातली होती, तेवढी तरी मागा. गावात चार मशीनवाले असतील तर चौघांनी एकच दर ठेवा, नाहीतर गाव तुम्हालाच एकमेकांविरुद्ध वापरेल. ग्रामसभेत उभं राहून विचारा, आवार सफाईवर किती खर्च दाखवला आणि तो कोणाला दिला?

आणि काम देणाऱ्यांनो, गवत वाढलंय ना? फोन करा, दर विचारा, परवडला तर बोलवा. नसेल परवडत तर विळा तुमच्याही घरात आहे.

जय भीम! जय संविधान!